साखरेची लव

सोमवार, ४ मार्च

चि. सौ. सूनबाईस,

आशीर्वाद. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच खणात टाकशील, म्हणून वरचा पत्ता यांच्याकडून लिहून घेतला. यांनी विचारलं, "चष्म्याच्या दुकानाचा पत्ता कशाला? घरी का नाही पाठवत?" मी म्हटलं, दुकानात पत्रं हरवत नाहीत. त्यावर हे म्हणाले, "मास्तरीणबाईंना माझा नमस्कार लिही, आणि सांग, खालून दुसरी ओळ अजून वाचता येते." लग्न होऊन आलीस त्याच आठवड्यात सासऱ्यांना भिंतीसमोर बसवून, एक डोळा झाकायला लावून अक्षरं वाचायला लावली होतीस. तेव्हापासून तू त्यांची मास्तरीणबाई. तू त्यांच्याशी फोनवर बोलतेस, तेव्हा मी शेजारच्या खोलीत भाजी निवडत असते. तुझं हसू ऐकू येतं.

माझ्याशी तू दोन वर्षं बोलली नाहीस. त्यात तुझं काही चुकलं नाही. हे एकदा कागदावर लिहून टाकायचं होतं.

मी जुनं काही फेकत नाही, तुला ठाऊक आहे. वर्ष संपलं की कॅलेंडरची पानं स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर, डब्यांखाली अंथरते. त्या दिवशी तू आपणहून फळ्या पुसायला घेतल्यास. डबे उतरवलेस, कागद उचललास, तर प्रत्येक महिन्यात एका तारखेखाली पेन्सिलीचा ठिपका. पुढच्या फळीवर आदल्या वर्षाचा कागद, तिथेही तेच. "आई, हे गॅसच्या टाकीचे का?" असं तू विचारलंस. हो म्हणाले असते तर कदाचित निभावलं असतं. पण मी गप्प राहिले, आणि तू बोटांवर दिवस मोजलेस. चार वर्षांत तुझी पाळी कधी कधी आली, ते सगळं माझ्या डब्यांखाली होतं.

"तुम्ही माझं पोट मांडून ठेवलंत," एवढंच म्हणालीस. ओरडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. त्याच महिन्यात तुम्ही दोघांनी दुसऱ्या गावी बिऱ्हाड केलंत.

मी ठिपका द्यायची आणि देवापुढे बसून सांगायची, याही महिन्यात नाही रे बाबा. मला वाटायचं ही प्रार्थना आहे. आता कळतं, मी देवाकडे तुझी चुगली करत होते.

यांच्याकडून समजलं की वीस तारखेला तुझी दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली आहे. पोटाला भोकं पाडून आत बघणार म्हणे. एवढी घाई कशाला? पुढच्या महिन्यात नाही का चालणार? मी काही डॉक्टर नाही, सहज विचारते आहे.

प्रकृतीस जप.

तुझी सासू


शनिवार, ९ मार्च

चि. बाळास,

हे पत्र तुझ्या कामाच्या पत्त्यावर पाठवते आहे. तो तपासणीचा कागद तू तिथेच मागवला होतास, तेव्हा हेही तिथे सुरक्षित राहील. वाचल्यावर फाड.

त्या रविवारी तू एकटाच आलास आणि म्हणालास, नळाची गळती काढतो. नळ गळत नव्हता. ओट्याखाली डोकं घालून तू पाऊण तास पाना फिरवत बसलास आणि तिथूनच म्हणालास, "आई, माझ्यात आहे."

"काय तुझ्यात आहे?"

"मूल न होण्याचं."

"अरे, तुझे रिपोर्ट तर दोनदा चांगले आले होते."

"ही वेगळी तपासणी. मी एकट्यानेच करून घेतली."

"तिला सांगितलंस?"

तू पुन्हा पाना फिरवू लागलास. "तिची शस्त्रक्रिया होऊन जाऊ दे. मग सांगतो. छोटीच असते ती."

"पण कारण सापडलंय ना? मग तिच्या पोटात शोधायचं काय राहिलं?"

तेव्हा तू बाहेर आलास. केसांना जाळं लागलं होतं. म्हणालास, "सहा वर्षं तूच म्हणत होतीस, तिच्यात आहे, तिच्यात आहे. मी शेजारी बसून ऐकून घेतलं. आता कुठल्या तोंडाने सांगू? ती दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरते आणि विचारते, हे स्पष्ट की ते? घरी आली की माझ्याकडे तशीच बघते. मला उत्तर देता येत नाही. आई, ती निघून जाईल."

आणि मला शपथ घातलीस, कुणाला सांगायचं नाही.

तू हात धूत होतास तेवढ्यात मी तुझ्या लिफ्टदुरुस्तीच्या हत्यारांच्या पेटीतून, खालच्या कप्प्यातून कागद काढला आणि त्यातल्या इंग्रजी तीन ओळी माझ्या वहीत उतरवून घेतल्या. कळलं काहीच नाही, पण अक्षर न अक्षर उतरवलं. रागव हवं तर. मॅट्रिक झालेय, नक्कल करता येते मला.

वरच्या खोलीत विद्यापीठातली एक मुलगी भाड्याने राहते, प्रयोगशाळेत काम करते. हे तिला सूक्ष्मदर्शकवाली म्हणतात. काल तिला चहाला बोलावलं आणि वही पुढे केली. तिने वाचलं आणि विचारलं, "कुणाचा कागद आहे हा, काकू?"

"ओळखीच्यांचा."

"या बाबतीत सगळ्यांचे कागद ओळखीच्यांचेच असतात," ती म्हणाली. हसली, पण वाईट हसली नाही. मग तिने सांगितलं ते मी जमेल तसं लिहिते. तुला डॉक्टरांनी सांगितलं असेल, पण तू ते ऐकलं नसणार. तू ऐकलंस फक्त 'दोष'.

ती म्हणाली, शुक्रजंतूच्या अंगावर साखरेच्या रेणूंची दाट लव असते. (त्या जंतूचा शब्द मी आयुष्यात प्रथमच लिहिते आहे. दोनदा खोडला. आता राहू दे.) आपण चहात घालतो ती साखर नव्हे, तिची नातलग म्हण. बाईच्या शरीरात शिरलं की वाटेत दाट स्राव असतो, तो बहुतेकांना अडवतो. शिवाय तिथे शरीराचे पहारेकरी असतात, परकं काही दिसलं की धरतात. अंगावर ही लव असली की स्राव वाट देतो, पहारेकरीही फारसे लक्ष देत नाहीत. पुढे बीजाजवळ पोचेपर्यंत त्या आवरणातलं बरंच गळून जावं लागतं, तेव्हाच तो खऱ्या कामाला लागतो. आणि बीजाच्या कवचावरही साखरेचेच रेणू असतात, त्यांना धरून तो चिकटतो. त्याच्या द्रावातसुद्धा फळांमधली साखर असते, वाटेत लागणाऱ्या बळासाठी. मी म्हटलं, म्हणजे शिदोरीच की! ती म्हणाली, "काकू, तुम्ही आमच्या वर्गावर शिकवायला या."

"मग या कागदातल्या माणसाचं काय बिघडलंय?"

"त्याची लव विरळ आहे. शरीर ती आपली आपण विणतं. काहींना विणायचं सामान जन्मापासूनच कमी मिळतं."

"गोड जास्त खाल्लं तर?"

"नाही हो. खाऊन नाही वाढत ती."

मग मीही बोलून गेले की सहा वर्षं मी चहात साखर घेतलेली नाही, नातवंडासाठी देवाला बोलले आहे. ती इतकी हसली की कप खाली ठेवावा लागला. म्हणाली, "देव बिचारा गोंधळला असेल, ही बाई मागतेय काय आणि सोडतेय काय!" मलाही हसू आलं. मग आलं रडू. तिने बघून न बघितल्यासारखं केलं. गुणी आहे.

मी विचारलं, आधीच्या तपासण्यांत हे कसं आलं नाही? ती म्हणाली, नेहमीच्या तपासणीत संख्या बघतात, पोहणं बघतात, आकार बघतात. ते सगळं बरोबर असतं. अंगावरची साखर त्या काचेखाली दिसत नाही, तिला वेगळा रंग लावून बघावं लागतं, आणि तसं सगळीकडे करत नाहीत. "आणि त्याच्या बायकोचा दोष?" मी विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला पृथ्वी सपाट आहे का विचारलं. "काकू, यात बायको कुठे आली?"

बाळा, यात तुझ्या पुरुषपणाला काही झालेलं नाही. तू आळशी नाहीस, पापी नाहीस, तुझ्या हातून काही घडलेलं नाही. एक लव विरळ आहे, बस. ती मुलगी म्हणाली, बीज आणि शुक्रजंतू शरीराबाहेर एकत्र आणण्याचा उपाय असतो, मग त्या वाटेची अडचण राहत नाही. यश येईलच असं नाही, पण उपाय आहे. आणि म्हणाली, हा कागद बायकोच्या डॉक्टरांना आधी दाखवा, मग कापायचं की नाही ते ठरवू देत.

आता माझं ऐक. गप्प बसणं ही तुझी चूक, आणि तुला गप्प बसणं सोयीचं केलं ती माझी. पंधरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत तू तिला सांग. नाही सांगितलंस, तर मी सांगेन. देवाची शपथ मोडल्याचं जे काही होईल ते माझ्या नावावर. पोट तिचं आहे.

जेवत जा वेळेवर.

आई


शुक्रवार, १५ मार्च

चि. सौ. सूनबाईस,

आज दुपारी चिरंजीवांचा निरोप आला, "आई, थोडा वेळ दे." वेळ माझ्याकडे नाही. वीस तारीख तुझी आहे. हे पत्र उद्या सकाळी कुरियरने निघेल. आयुष्यात पहिल्यांदाच कुरियर करते आहे. पोस्टाच्या तिकिटावर मी अकरा माणसांशी संबंध टिकवले, पण यावेळी तिकिटावर भरवसा ठेवण्याइतकी माझी छाती नाही. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून देशील, आणि मग मी पुन्हा धीर करणार नाही.

मागच्या पत्रात शस्त्रक्रियेबद्दल 'सहज' विचारलं म्हणून लिहिलं, ते खोटं होतं. मला तेव्हाच माहीत होतं. म्हणजे अकरा दिवस मी माहीत असून गप्प आहे, तेवढा गुन्हा माझ्याकडे धर.

तुझ्यात काही नाही. त्याच्यात आहे.

त्याने महिन्यापूर्वी एकट्याने एक वेगळी तपासणी करून घेतली. त्याच्या शुक्रजंतूंच्या अंगावर साखरेचं जे आवरण हवं असतं, ते विरळ निघालं. ते दाट असलं तर बाईचं शरीर परक्यालाही आत येऊ देतं. विरळ असलं तर वाटेतच अडतं. नेहमीच्या तपासणीत हे दिसत नाही. म्हणून 'यांचं सगळं ठीक' असं दोनदा आलं आणि मग सगळी बोटं तुझ्याकडे वळली. त्यात सगळ्यात लांब बोट माझं. वहीत उतरवलेल्या तीन ओळी सोबतच्या कागदावर आहेत. तुझ्या डॉक्टरांना दाखव. मूळ कागद त्याच्या हत्यारांच्या पेटीत, खालच्या कप्प्यात आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला वाटतं, त्या पेटीत कुणी हात घालणार नाही.

सहा वर्षं तू सुया टोचून घेतल्यास. मी सांगितलेले उपास केलेस, सांगितलं ते झाडपाल्याचं कडू पाणी प्यायलीस, तोंड वाकडं न करता. एकदा ओकलीस, तेव्हा मला वाटलं, आली गोड बातमी, आणि मी देवापुढे दिवा लावायला धावले. तू बेसिनपाशी एकटीच उभी होतीस. पाठीवर हात फिरवायला मी आले नाही. त्या क्षणाची माफी कशी मागायची, मला कळत नाही. मागते.

देवापुढे सुद्धा बोलले काल. म्हटलं, मी तुला सहा वर्षं चुकीचं नाव सांगत होते.

तो भित्रा आहे, वाईट नाही, असं लिहिणार होते. पण त्याची वकिली मी करायची नाही असं ठरवलं आहे. त्याच्यावर रागव, त्याला घराबाहेर काढ, काहीही कर, मी मध्ये पडणार नाही. फक्त एवढं सांगते, कारण ते मी कानांनी ऐकलं आहे. तो म्हणाला, ती निघून जाईल. समाज काय म्हणेल, असं नाही म्हणाला.

वीस तारखेला ऑपरेशनच्या टेबलावर झोपू नकोस, बाळ. आधी विचार.

तुझी सासू


मंगळवार, २६ मार्च

चि. सौ. सूनबाईस,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर, तेही चार ओळी. पाठ झाल्या आहेत. "तारीख रद्द केली. डॉक्टर रजेवर आहेत असं त्याला सांगितलं. तुमचं पत्र दुकानातल्या खणात कुलपात आहे. तो स्वतः सांगतोय का, बघते." यांना दाखवलं. यांना आता सगळं सांगितलं आहे. हे बराच वेळ कार्ड उलटसुलट करत बसले आणि म्हणाले, "मास्तरीणबाईंनी पेपर काढलाय. बघू आपला दिवटा पास होतो का."

पाच दिवस मी दर तासाला फोनकडे बघत होते. माझ्या मनात आलं, तो नाहीच बोलला तर? तर मुलगा गमावला आणि सूनही. देवापुढे बसले, पण काही मागता येईना. मागायची सवय अशी की हात आपोआप पसरतात, पण मागायचं काय ते सुचेना. नुसती बसले. बरं वाटलं.

रविवारी त्याचा फोन आला. आवाज बसलेला. "आई, सांगितलं तिला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पाच दिवस मी भाजीत मीठ घातलं नाही. तुला कळलं तरी का?"

"मग?"

"मला खरंच कळलं नव्हतं गं."

अगं, मी फोन यांच्या हातात दिला आणि पदर तोंडाला लावला. हसत होते की रडत, मलाही सांगता येईना. इकडे हे फोनवर त्याला सुनावत होते, "गाढवा, अळणी जेवलास आणि ढेकर दिलास?" मग त्यांनी फोन परत माझ्याकडे दिला.

तो म्हणाला, तू त्याला लगेच माफ केलेलं नाहीस. बाहेरच्या खोलीत झोपतोय म्हणाला. योग्य आहे. तो असंही म्हणाला की तू त्याच्यासमोर तो कागद धरून पुन्हा पुन्हा वाचलास, आणि शेवटी विचारलंस, "हे तुला कळलं त्या रात्री तू एकटाच होतास?" बाळ, माझ्या मुलाला हा प्रश्न मी विचारायला हवा होता. मी नुसती तारीख घातली.

तुझं आणि त्याचं बोलणं झालं, डॉक्टरांकडे दोघं गेलात, पुढे काय करणार आहात, यातलं मी काही विचारणार नाही. हे लिहिताना पेन तीनदा थांबलं, खोटं कशाला सांगू? पण विचारणार नाही. शरीराबाहेरचा तो उपाय करा, नका करू, कुणाचं मूल घरी आणा, दोघंच राहा. जे कराल ते तुमचं. माझ्या देवाला मी तसं सांगून ठेवलं आहे. तोही आता उगाच तुमच्या वाटेला जाणार नाही.

डब्यांखाली मी आता वर्तमानपत्र अंथरते.

आशीर्वाद.

तुझी सासू


बुधवार, ३ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,

कार्डावर फक्त "या." असं लिहिलंस. वेळ नाही, तारीख नाही, कशाला ते नाही. यांनी दिव्याखाली धरून बघितलं, पुढे काही पुसट आहे का म्हणून. मी म्हटलं, मास्तरीणबाई कधी जास्त बोलल्या आहेत?

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते, दुपारी पोचेन. हे येत नाहीत. म्हणाले, "पहिल्यांदा तू एकटी जा, मी मध्ये बसलो तर तुम्ही दोघी माझ्याशीच बोलत बसाल." किती दिवस, विचारलं त्यांनी. ती म्हणेल तितके, मी म्हटलं. चहाच्या एका कपापुरतं म्हणाली तर एका कपापुरतं. सोबत काही आणत नाही, औषध नाही, उपास नाही, सल्ला नाही. एक साडी आणि जपाची माळ.

तुमचं घर मी अजून पाहिलेलं नाही. जिना कुठल्या बाजूला, घंटा आहे की कडी, काही ठाऊक नाही. विचारत विचारत येईन. चिरंजीवांना स्टेशनवर पाठवू नकोस. त्याने मला आणलं, असं व्हायला नको.

फक्त एक कर. दार तू उघड. आणि उघडल्यावर लगेच काही म्हणायलाच हवं असं नाही. मला नीट बघ हवं तर, तुझ्या त्या भिंगांतून बघतेस तसं, सावकाश. तू "आत या" म्हणेपर्यंत मी पायपुसण्यावर उभी राहीन.